पोकेइराच्या घळीतली तीन गावं : पाम्पानेइरा, बुबिओन, कापिलेइरा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही गावं नेमकी कुठे आहेत, आणि तिन्ही एकत्र का?

स्पेनच्या दक्षिणेला ग्रानादा प्रांत. तिथे सिएरा नेवादा डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर आल्पुहारा नावाचा मुलूख आहे. त्यातल्या पोकेइरा नदीच्या खोल घळीत एकाच डोंगराला तीन गावं एकावर एक चिकटून बसली आहेत. खाली पाम्पानेइरा, सुमारे १,०६० मीटरवर. मध्ये बुबिओन, १,३०० च्या आसपास. वर कापिलेइरा, १,४३६ मीटर. अंदाज यावा म्हणून सांगायचं तर महाबळेश्वर बुबिओन आणि कापिलेइरा यांच्या मधोमध कुठेतरी बसेल. तिन्ही गावांची वस्ती मिळून जेमतेम हजार-बाराशे. १९८२ साली या तिघांना मिळूनच ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि बघायचीही ती मिळूनच. एकातून दुसऱ्यात पायवाटेने जाता येतं.

या गावांना ‘मूरिश’, म्हणजे स्पेनवर राज्य केलेल्या मुसलमानांची (मूरांची) म्हणतात, पण तिथे मशीद, किल्ला, महाल काहीच दिसत नाही. मग बघायचं काय?

हा प्रश्न बहुतेकांना पाम्पानेइराच्या चौकात उभं राहिल्यावर पडतो. समोर चर्च, भोवती खाणावळी, टांगलेल्या सतरंज्या. महाल बघायचा असेल तर अलांब्रा ग्रानादा शहरात आहे, तो तिथेच बघावा. या गावांत जुन्या मुसलमानी काळाची खूण तीन गोष्टींत आहे: छपरात, पाटाच्या पाण्यात आणि डोंगर कापून केलेल्या पायऱ्यांच्या शेतीत. या तिन्हींकडे कसं बघायचं ते पुढे सविस्तर दिलं आहे.

पांढऱ्या भिंतींना मात्र फसू नका. ‘मूरांची पांढरी गावं’ हे वाक्य प्रत्येक पर्यटन-पत्रकात असतं. प्रत्यक्षात सरसकट चुना मारण्याची पद्धत इथे बरीच उशिरा आली. त्याआधी घरं दगड-मातीच्याच रंगाची होती आणि लांबून डोंगरातून वेगळी ओळखूही येत नसत.

थोडक्यात इतिहास सांगाल का? आज तिथे राहणारे लोक त्या मूरांचेच वंशज का?

बहुतांशी नाहीत, आणि ही या मुलखाची सगळ्यात चटका लावणारी गोष्ट आहे.

ग्रानादाचं नसरी राज्य हे स्पेनमधलं शेवटचं मुसलमानी राज्य. २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल याने शहराच्या किल्ल्या दिल्या आणि त्याला आल्पुहारात जहागीर मिळाली. पावणेदोन वर्षांत तो समुद्र ओलांडून मोरोक्कोतल्या फेजला निघून गेला. लोक राहिले. पुढच्या दहा वर्षांत त्यांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आलं. अशा बाटवलेल्या लोकांना ‘मोरिस्को’ म्हणत. १५६७ मध्ये दुसऱ्या फिलिप राजाच्या फर्मानाने त्यांची अरबी भाषा, पोशाख, हमामखाने, सगळ्यावर बंदी आली. १५६८ च्या नाताळच्या आदल्या रात्री बंड पेटलं. बंडवाल्यांनी फेर्नांदो दे वालोर याला अबेन हुमेया या नावाने राजा केलं. पुढच्याच वर्षी त्याच्याच माणसांनी त्याचा काटा काढला. १५७१ पर्यंत बंड चिरडलं गेलं. तोवर ग्रानादाच्या मुलखातल्या मोरिस्कोंना उचलून मध्य स्पेनमधल्या कास्तीयकडे पांगवण्याचं काम सुरूही झालं होतं. रिकाम्या गावांत उत्तरेकडून ख्रिस्ती कुटुंबं आणून वसवली.

म्हणजे माणसं बदलली, पण घरं, बांध आणि पाट तेच राहिले. नव्यांना ते चालवायला शिकावं लागलं. पाटाचं पाणी आणि रेशमाची किडे-पैदास शिकवायला गावागणिक दोन मोरिस्को कुटुंबं मागे ठेवली होती असं इथे आवर्जून सांगतात. रेशमाचा धंदा तरीही पुढे बसलाच. पाणी मात्र टिकलं.

छपरांचं एवढं काय विशेष?

मराठवाड्यातलं माळवद किंवा खानदेश-विदर्भाकडचं धाब्याचं घर ज्यांनी पाहिलंय, त्यांना बुबिओनमध्ये वेगळं काही समजावावं लागत नाही. सपाट छप्पर, खाली लाकडी तुळया, वर माती. मोरोक्कोच्या ॲटलस डोंगरातल्या बर्बर जमातीच्या गावांतही हाच प्रकार दिसतो, आणि स्पेनच्या इतर भागांत सहसा कौलारू उतरती छपरं असतात. म्हणून हे वेगळेपण डोळ्यांत भरतं.

थर असे: तळाला चेस्टनटच्या लाकडाच्या तुळया, त्यावर आडव्या फळ्या किंवा बोरूच्या काड्या, त्यावर पाटीच्या दगडाच्या चपट्या लाद्या, मग चिखलाचा थर आणि सगळ्यात वर ‘लाउना’. लाउना म्हणजे डोंगरातल्या पाटीच्या दगडाची झीज होऊन बनलेली निळसर-राखाडी माती. ती कोरडीच पसरतात. पाऊस पडला की तिचे पापुद्रे एकमेकांवर बसतात आणि पाणी आत जात नाही. कडेला लाद्यांची वळचण बाहेर काढलेली असते आणि ती वाऱ्याने उचलू नये म्हणून वर धोंडे ठेवलेले असतात. लाउना उतरत्या चंद्रात टाकावी, नाहीतर छप्पर गळतं, असं जुनी माणसं सांगतात.

छपरातून वर येणारी ती गोल, टोपी घातल्यासारखी पांढरी धुराडी म्हणजे इथली ओळखच झाली आहे. सपाट छपराला ‘तेर्राओ’ म्हणतात. त्यावर अंजीर, मिरच्या, मका वाळत घालत. आपल्याकडे माळवदावर कुरडया-पापड घालतात, तेच काम.

छपरावर चढून फोटो काढला तर चालतो का?

नाही. ही चूक फार जण करतात, कारण उतारामुळे खालच्या घराचं छप्पर वरच्या गल्लीच्या पातळीला येतं आणि ते गच्ची किंवा चौथराच वाटतं. ते कुणाच्या तरी झोपायच्या खोलीचं छत असतं. बुटांनी लाउना विस्कटते, पापुद्रे सुटतात आणि पुढच्या पावसात तिथेच गळतं. राखाडी, भुसभुशीत माती पायाखाली आली की मागे फिरा.

फोटोसाठी गावाच्या कडेचं ‘एरा’ गाठा. एरा म्हणजे खळं: दगडांनी फरसबंद केलेलं गोल अंगण, मुद्दाम वाऱ्याच्या तोंडावर बांधलेलं, म्हणजे उफणणी सोपी. मळणी आता होत नाही. पण वारा लागावा म्हणून निवडलेली जागा असल्याने समोर काही आडवं येत नाही आणि अख्खी घळ दिसते.

‘तिनाओ’ म्हणजे काय?

गल्लीवरून पलीकडच्या घरापर्यंत टाकलेलं छत, वर एखादी खोली, खाली बोळ. डोंगरात सपाट जागा नाही, म्हणून रस्त्याच्या डोक्यावर घर वाढवलं. खाली सावली, हिवाळ्यात बर्फापासून आडोसा, पूर्वी जनावरं बांधायची सोय. मान वर करून तुळया बघा. काळ्या पडलेल्या, वेड्यावाकड्या, झाड जसं होतं तशाच वापरलेल्या.

घराच्या आतली रचना बघायची तर बुबिओनमध्ये ‘कासा आल्पुहारेन्या’ हे छोटं घर-संग्रहालय आहे. त्याच्या वेळा कमी आणि बदलत्या असतात. सकाळी अकराच्या सुमारास जाणं सगळ्यात खात्रीचं, दुपारी तीनला जाणं सगळ्यात बेभरवशाचं.

पाटाचं पाणी बघायला कुठे जायचं, आणि त्यात बघायचं काय?

पाम्पानेइरात गल्लीच्या मधोमध वाहणारी दगडी नाली दिसेल. तिला सांडपाण्याची समजू नका, ते पाटाचंच पाणी आहे. पाटाला इथे ‘आसेकिया’ म्हणतात, अरबी ‘अस-साकिया’वरून. हौदासारख्या साठवण तलावाला ‘आल्बेर्का’, अरबी ‘अल-बिर्का’. पाणी सोडणाऱ्या माणसाला ‘आसेकियेरो’, म्हणजे आपला पाटकरी. प्रत्येक शेताची पाळी ठरलेली, तासांवर मोजलेली. धुळे जिल्ह्यात पांझरेवरची फड पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल: सामाईक पाट, ठरलेल्या पाळ्या, सगळ्यांनी मिळून गाळ काढायचा.

खरी कमाल मात्र गावांच्या वर आहे. काही पाट शेताला पाणी द्यायला नाहीतच. त्यांना ‘आसेकिया दे कारेओ’ म्हणतात. हिवाळ्या-वसंतात वितळलेल्या बर्फाचं पाणी ते उंचावरून आडवं वळवतात आणि भेगाळ, मुरमाड उतारावर सोडून देतात. पाणी तिथे जिरतं, डोंगराच्या पोटातून सावकाश उतरतं आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी खालच्या झऱ्यांतून बाहेर येतं, म्हणजे नेमकं उन्हाळ्यात, जेव्हा नदीला पाणी नसतं. धरण न बांधता पाणी साठवण्याची ही रीत. डोंगर हाच तलाव.

पाटाच्या कडेने चेस्टनट आणि ओक हिरवेगार दिसतात ते त्याच पाझरावर. म्हणूनच पाट सिमेंटचा केला किंवा पाइपात घातला की पाणी वाचतं, पण झाडं वाळतात आणि खालचा झरा आटतो. माणसं शहरात गेल्यावर असे पुष्कळ पाट बुजले. ग्रानादा विद्यापीठातल्या पुरातत्त्व अभ्यासकांनी गावकरी आणि स्वयंसेवक घेऊन ते पुन्हा मोकळे करायला सुरुवात केली. कान्यार गावचा बार्हास पाट २०१४ मध्ये असाच पुन्हा वाहता झाला.

पाटाच्या कडेने चालताना दोन नियम. फळी, दगड किंवा पत्र्याचं दार लावून पाणी वळवलेलं दिसलं तर त्याला हात लावायचा नाही, तुम्ही सहज सरकवलेल्या दगडाने कुणाची तरी पाळी वाया जाते. आणि ओल्या काठावर पाय टाकू नका, तो ढासळतो.

डोंगरावरच्या त्या पायऱ्या?

शेताच्या पायऱ्यांना आधार देणाऱ्या, चुना-सिमेंटशिवाय रचलेल्या भिंतींना इथे ‘बालाते’ म्हणतात. हासुद्धा अरबी शब्द. कोकणातला गडगा डोळ्यांसमोर आणा. दगडांच्या फटींतून पाणी निघून जातं, म्हणून मागच्या मातीचा दाब भिंतीवर येत नाही. जिथे फटी सिमेंटने लिंपल्या आहेत तिथे भिंत पोटातून फुगलेली दिसते. बुबिओनहून खाली नदीकडे उतरताना दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी बघायला मिळतात.

कधी जावं?

मध्य एप्रिल ते जून, नाहीतर मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबरअखेर. मे महिन्यात पाट तुडुंब असतात आणि वरच्या शिखरांवर बर्फही असतं. ऑक्टोबरअखेरीस चेस्टनट पिवळे पडतात, आणि १ नोव्हेंबरच्या सुमाराला ते भाजून खायचा ‘माउराका’ होतो.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ऊन भाजून काढतं, रात्र मात्र गार. ऑगस्टमध्ये स्पॅनिश लोकांचीच सुट्टी असते, खोल्या मिळत नाहीत. डिसेंबर ते फेब्रुवारी रात्री पारा शून्याखाली जातो, कापिलेइरात बर्फ पडू शकतं. दगडी घर गार पडलं की तापायला अख्खा दिवस घेतं.

ग्रानादाहून बसने कसं जायचं?

आल्सा कंपनीच्या बस ग्रानादाच्या मुख्य बसस्थानकावरून सुटतात. हे स्थानक शहराच्या मध्यभागी नाही, कार्रेतेरा दे हाएन या रस्त्यावर आहे. हॉटेलपासून अर्धा तास हाताशी ठेवा. मार्ग लान्हारोन, ओर्हिवा, पाम्पानेइरा, बुबिओन, कापिलेइरा असा आहे. पाम्पानेइराला दोन तास, कापिलेइराला आणखी वीस-पंचवीस मिनिटं. दिवसाला साधारण तीनच फेऱ्या असतात आणि सुट्टीच्या दिवशी वेळा बदलतात, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी पुन्हा बघायचं.

गडबड होते ती परतीच्या वेळी. संध्याकाळची शेवटची बस लोक समजतात त्यापेक्षा लवकर असते. ती चुकली तर रात्री टॅक्सी मिळेलच असं नाही, आणि मिळाली तर खिसा रिकामा. ओर्हिवाच्या पुढे वळणंच वळणं आहेत. गाडी लागणाऱ्यांनी गोळी ओर्हिवाला नव्हे, ग्रानादालाच घ्यावी.

स्वतः गाडी चालवत जावं का?

दोनपेक्षा जास्त दिवस असतील, किंवा त्रेवेलेस, पित्रेस, फेर्रेइरोला अशी आजूबाजूची गावं करायची असतील, तर हो. ग्रानादाहून मोटरवेने दक्षिणेला, मग लान्हारोनचा फाटा, ओर्हिवा, आणि तिथून डोंगर. सुमारे ७५ किलोमीटर, दीड तास. मालागा विमानतळाहून मोत्रिलमार्गे आलात तर दोन-सव्वादोन तास. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो; तो आपल्या आरटीओतून निघण्याआधीच काढायचा. स्पेनमध्ये भाड्याच्या बहुतेक गाड्या हाताने गिअर टाकायच्या असतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर लवकर नोंदवा, कारण चढावर थांबून पुन्हा निघणं इथे सारखंच येतं.

सगळ्यात महत्त्वाचं: मोबाइलचा नकाशा तुम्हाला थेट मुक्कामाच्या दाराशी न्यायला बघेल. जाऊ नका. गल्ली आधी गाडीएवढी, मग गाडीपेक्षा वीतभर अरुंद, आणि शेवटी पायऱ्या. उलटं येताना दोन्ही आरसे घासतात. गावाच्या तोंडाशीच गाडी लावा आणि घरमालकाला आधी विचारून ठेवा की सामान कुठून आणायचं. शनिवार-रविवारी पाम्पानेइराचा वाहनतळ अकरापर्यंत भरतो. पेट्रोल ओर्हिवाला भरून घ्या.

तिन्हींपैकी मुक्काम कुठे करावा?

पाम्पानेइरा सगळ्यात देखणं आणि दिवसा सगळ्यात गजबजलेलं. पर्यटकांच्या बस इथेच रिकाम्या होतात. सहानंतर मात्र तेच गाव वेगळं होतं, म्हणून रात्र काढली तर पाम्पानेइरा वाया जात नाही. कापिलेइरात खाणावळी, खोल्या, दुकानं जास्त आणि डोंगरवाटांची सुरुवात तिथूनच. बुबिओन मधलं, शांत. बहुतेकांना आम्ही बुबिओन किंवा कापिलेइरा सुचवू आणि किमान दोन रात्री सांगू. एका दिवसात येऊन-जाऊन फक्त सतरंज्यांची दुकानं बघून होतात.

याहून निवांत हवं असेल तर शेजारच्या ला ताआ भागातली फेर्रेइरोला, फोन्दालेस ही वाड्यांएवढी गावं आहेत. ‘ताआ’ हे नसरी काळातल्या महसुली विभागाचं नाव, आपल्या परगण्यासारखं, ते आजही तिथल्या पालिकेचं नाव म्हणून चालू आहे.

घर नोंदवताना तीन गोष्टी विचारा: रस्त्यापासून घरापर्यंत किती पायऱ्या आहेत, हिवाळ्यात तापवायची सोय विजेची की लाकडाची, आणि लाकडाचे पैसे वेगळे का. चाकांची मोठी बॅग इथल्या गोट्यांच्या चढावर ओढता येत नाही, पाठीवरची आणा.

आई-बाबांना घेऊन जाता येईल का?

येईल, पण घर निवडताना नकाशापेक्षा चढ बघा. ‘चौकापासून १०० मीटर’ म्हणजे कधीकधी सत्तर पायऱ्या. रस्त्यालगतचं घर घ्या. गावं एकमेकांना पायी जोडण्याऐवजी बसने किंवा गाडीने करा आणि प्रत्येक गावात फक्त चौक ते चर्च ते कठडा एवढंच फिरा. गोटे पावसात गुळगुळीत होतात, चामड्याच्या तळव्याची चप्पल नको. गुडघे दुखत असतील तर काठी उतारासाठी लागते, चढासाठी नाही. दवाखान्यासाठी ओर्हिवा, तातडीला ११२.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण सावध राहावं लागेल. शेजारचं त्रेवेलेस हे गाव डुकराच्या वाळवलेल्या मांडीसाठी, म्हणजे ‘हामोन’साठी, प्रसिद्ध आहे आणि इथलं स्वयंपाकघर तिच्याभोवतीच फिरतं. ‘प्लातो आल्पुहारेन्यो’ या नावाच्या ताटात अंडं आणि बटाट्यांबरोबर हामोन, सॉसेज, रक्ताचं सॉसेज असं सगळं येतं.

अडचण शब्दांची आहे. ‘कार्ने’ म्हणजे मांस. पण बऱ्याच जणांच्या लेखी हामोन किंवा टुना मासा ‘कार्ने’त मोडतच नाही. म्हणून ‘सिन कार्ने’ सांगूनही सॅलडवर टुना आणि सुपावर हामोनचे तुकडे येतात. पूर्ण यादी म्हणा: ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून’, म्हणजे मांस, हामोन, मासे, टुना काहीच नको. भाजी किंवा डाळ असेल तर रस्सा कशाचा आहे तेही विचारा, हाडांचा असतो. ‘मिगास’ नावाचा उपम्यासारखा पदार्थ मेन्यूत निरुपद्रवी दिसतो, त्यातही सहसा डुकराचे तुकडे असतात.

बिनधास्त मागवण्यासारखं: ‘पापास आ लो पोब्रे’, म्हणजे गरिबाघरचे बटाटे. बटाट्याच्या जाड काचऱ्या, ढोबळी मिरची, कांदा, लसूण, भरपूर ऑलिव्ह तेलात मंद आचेवर. परतून कुरकुरीत करायच्या नसतात, तेलात शिजवायच्या असतात. त्यानंतर वांग्याचे तळलेले काप उसाच्या काकवीबरोबर. ही काकवी किनाऱ्यावरच्या उसाची. ऊस या किनाऱ्यावर अरबांनीच आणला. बदाम-लसणाचं गार सूप ‘आहोब्लांको’, टोमॅटोचं गास्पाचो. ‘तोर्तिया’ म्हणजे इथे बटाटे घातलेलं जाड ऑम्लेट, मेक्सिकन पोळी नव्हे. अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. ग्रानादा प्रांतात पेयाबरोबर फुकट ‘तापा’, म्हणजे चाखणा, येतो आणि तो बहुधा मांसाचाच असतो, त्यामुळे पेय मागवतानाच सांगा.

जैन किंवा कडक शाकाहारी असाल तर स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. ओर्हिवात परदेशी लोकांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे तिथे डाळी, मसाले, शाकाहारी खाणावळी मिळतात, आणि गुरुवारी बाजार भरतो. वर चढण्याआधी तिथेच भरून घ्या.

जेवणाच्या वेळा?

दुपारी दीड ते चार, रात्री साडेआठनंतर. चार वाजून दहा मिनिटांनी गेलात तर चूल बंद. सोमवार-मंगळवारी काही खाणावळी बंदच असतात. पिशवीत पाव, चीज आणि फळं असू द्यावीत.

झऱ्याचं पाणी पिता येतं का?

नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. चौकातल्या झऱ्यावर पाटी बघा: ‘नो पोताब्ले’ म्हणजे पिऊ नका. पोर्तुगोस गावाजवळच्या ‘फुएन्ते आग्रिया’ झऱ्याला लोह इतकं आहे की आजूबाजूचे दगड नारिंगी झालेत. चव गंजलेल्या खिळ्यासारखी, एक घोट पुरे. पाम्पानेइरातल्या एका झऱ्यावर तर लिहून ठेवलंय की लग्नाच्या इच्छेने अविवाहिताने पाणी प्यायलं की लगेच जोडीदार मिळतो. पाण्याची रांग बघून लोकांचा विश्वास दिसतो.

चालायला कुठे जावं?

पहिल्या दिवशी पाम्पानेइरा ते बुबिओन ते कापिलेइरा. चढ सुमारे ३८० मीटर, थांबत-थांबत दोन तास. गुडघ्यांचा विचार असेल तर बसने वर जाऊन उतरत या. दुसऱ्या दिवशी कापिलेइराहून घळीच्या कडेने वर ला सेबादियाकडे, जिथे वीजकेंद्रासाठी वसवलेली आणि आता ओस पडलेली वस्ती आहे. सकाळी नऊच्या आत निघा, कारण परतीला ऊन समोरून येतं.

मुलासेन (३,४७९ मीटर) हे इबेरियन द्वीपकल्पातलं सर्वोच्च शिखर. त्याला बोआब्दिलच्या बापाचं, मुले हासेनचं नाव आहे. उन्हाळ्यात कापिलेइराहून राष्ट्रीय उद्यानाची मिनीबस सुमारे २,७०० मीटरपर्यंत नेते. जागा आधी राखून ठेवाव्या लागतात. तिथून शिखर आणखी पावणेआठशे मीटर चढ. सह्याद्रीत किल्ले चढणाऱ्यांना अंतर किरकोळ वाटतं आणि तिथेच घात होतो: हवा विरळ, वारा बोचरा, सावली अजिबात नाही. माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि वाऱ्याचं जाकीट ऑगस्टमध्येसुद्धा घ्या. जूनच्या आधी वर बर्फ असतं. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालायला बुटांना लावायचे काटे, वापरायची सवय नसेल तर जाऊ नका. घळीत मोबाइलला रेंज जाते, नकाशा आधी उतरवून घ्या.

या डोंगरात बौद्ध मठ आहे असं ऐकलं. खरं का?

खरं. पाम्पानेइराच्या समोरच्या डोंगरावर, १,६०० मीटरच्या आसपास ‘ओ सेल लिंग’ हे तिबेटी बौद्ध ध्यानकेंद्र आहे. १९८२ मध्ये दलाई लामा तिथे आले होते. १९८५ साली बुबिओनमध्ये जन्मलेल्या एका स्पॅनिश मुलाला लामा येशे या तिबेटी गुरूंचा पुनर्जन्म मानण्यात आलं आणि त्याचं शिक्षण कर्नाटकातल्या सेरा मठात झालं. जायचा रस्ता कच्चा आहे, पाहुण्यांसाठी ठरलेल्या वेळाच खुल्या असतात, आणि ध्यानाला बसलेल्यांच्या कुट्यांकडे फिरकायचं नसतं.

कोणते सण गाठावेत?

२३ जूनच्या रात्री लान्हारोनमध्ये सगळं गाव एकमेकांवर पाणी उडवतं; मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. ५ ऑगस्टला त्रेवेलेसहून मुलासेनवर ‘बर्फाच्या मेरी’ची यात्रा निघते. सप्टेंबरच्या मध्यात वालोर गावात मूर आणि ख्रिस्ती यांची लुटुपुटीची लढाई होते. वालोर हे अबेन हुमेयाच्या घराण्याचं गाव, म्हणून तिथली लढाई इतर ठिकाणांपेक्षा वेगळी लागते.

व्हिसाचं काय?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा. मुक्कामाचे सर्वाधिक दिवस स्पेनमध्ये असतील तर स्पेनचाच. ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा बंधनकारक. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्याच्या भेटीच्या तारखा लवकर संपतात. गावातलं ‘कासा रुराल’, म्हणजे पर्यटकांना भाड्याने देतात ते खेड्यातलं घर, घेतलं असेल तर घरमालकाकडून पूर्ण नाव-पत्ता असलेली नोंदणी लेखी मागून घ्या.

स्पॅनिश येत नाही. अडेल का?

कापिलेइरात इंग्रजीवर निभतं, लहान गावांत नाही. गल्लीत कुणी दिसलं की ‘बुएनास’ म्हणा. न बोलता पुढे जाणं उद्धटपणाचं समजतात. इथले लोक शब्दाच्या शेवटचा ‘स’ खातात, त्यामुळे ऐकू ‘बुएना’ येईल.

काही शब्द तर घरचेच निघतात. अमका-फलाणा यातला फलाणा स्पॅनिशमध्ये ‘फुलानो’ आहे, दोन्ही अरबी ‘फुलान’चे. ‘नारांहा’ म्हणजे संत्रं, आपल्या नारिंगाचा भाऊ. वांग्याला ‘बेरेन्हेना’ म्हणतात. तो शब्द भारतातून निघून फारसी, मग अरबी असा वळसा घेत इथे पोचला, भाजीसकट.

काय आणावं?

‘हारापा’. जुन्या कापडाच्या चिंध्या फाडून, त्यांच्या पट्ट्या मागावर विणून केलेली जाड सतरंजी. गोधडी शिवतात, ही विणतात, पण कापड वाया घालवायचं नाही हा हिशोब एकच. दुकानाबाहेर टांगलेल्या सगळ्याच इथे विणलेल्या नसतात. उलटी करून बघा. हातमागाच्या हारापाची कड किंचित नागमोडी असते आणि पट्ट्यांचे जोड मागच्या बाजूला दिसतात. कड पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल तर ती कारखान्याची. पाम्पानेइरात माग चालू असलेलं दुकान आहे, आवाजावरून सापडतं. मोठी हारापा घेण्याआधी वजन उचलून बघा, विमानाच्या सामानात तीच सगळी जागा खाते. पहिली धुलाई गार पाण्यात आणि एकटीच करा, रंग जातो.